पितळेची चव

किल्लीवाल्याने यंत्र बंद केलं, शिकंज्यातून किल्ली सोडवून उजेडात धरली आणि मान वळवून मागच्या मोरीत थुंकला. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाईंनी मुद्दाम रस्त्याकडे पाहिलं.

"माफ करा," तो म्हणाला. "महिना झाला, तोंडाला चव नाही."

"चव नाही, की वाईट चव आहे?"

असं त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं. त्याने जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"वाईट आहे. पितळेच्या भांड्यात आंबट काही राहिलं की कळकतं ना, तशी."

"मग या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. चौकापलीकडे माझा दवाखाना आहे, दातांचा. तुमच्या हातातली किल्ली तिथल्याच कपाटाची. उद्या दुपारी या, बघते."

तो हसला आणि किल्ली त्यांच्यापुढे करायला गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की किल्लीचा तिसरा दात खोल कापला गेलाय. त्याने दुसरी कोरी किल्ली शिकंज्यात बसवली. या वेळी काप पडेपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

बाई गेल्यावर शेजारचा घड्याळवाला आपल्या खोक्यातून डोकावला. "किल्ली चुकली? तुझी? पेपरात द्यायला पाहिजे."

"तोंडात चव कसली तरी आहे. लक्ष लागत नाही."

"रोज पितळेचा भुसा खातोस. तोंडाला काय मधाची चव येणार?"

किल्लीवाल्याने चुकलेली किल्ली भंगाराच्या डब्यात अशी आपटली की घड्याळवाल्याने डोकं आत घेतलं. गिऱ्हाइकांशी तो कधीही आवाज चढवत नसे. तो खर्च आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेला असे.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं, हिरड्या टोचून पाहिल्या, चिमट्यात कापूस धरून जीभ बाहेर ओढली. एका दाढेखाली थोडा पू होता. तो त्यांनी काढला, दात साफ केले, जीभ कशी घासायची ते दाखवलं.

"तोंडाची चव बिघडायला शंभर कारणं असतात," हातमोजे उतरवताना त्या म्हणाल्या. "हिरड्या, सुकं तोंड, पोटातलं आम्ल, एखादं औषध, सर्दी. कधी कधी नुसती काळजी. सगळ्यात जास्त केव्हा जाणवतं?"

"सकाळी. उठल्यावर थोड्या वेळाने."

"उठल्या उठल्या नाही?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही. थोड्या वेळाने."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आठ दिवसांत फरक पडला नाही तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा."

फरक पडला नाही. पोटाच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, किल्ल्या कापताना नाकातोंडाला फडकं बांधायला सांगितलं आणि निरोप देताना म्हणाले, "पाणी कमी पिता तुम्ही. सकाळी उठलात की आधी दोन पेले पाणी. सवयच लावा."

त्याने सवय लावली. बायकोला मात्र त्याने पित्त झालंय एवढंच सांगितलं. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला होती आणि दीड महिन्यापूर्वी तिची पाळी पहाटेची झाली होती. ती साडेचारला उठायची, तेव्हा तिच्या दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यांवर यायचा. दोन दिवस कुरकुर करून तिसऱ्या दिवशी त्याने आपली उशी उचलली आणि तो मास्तरांच्या खोलीत झोपायला गेला. ती खोली तशी रिकामीच होती. मास्तरांना जाऊन चार महिने होत आले होते.

मास्तर म्हणजे त्याचे वडील. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात तो शिकला होता, आणि वर्गात सगळ्यांसारखं त्यानेही 'मास्तर'च म्हणायचं असा त्यांचा दंडक होता. ते पुढे घरातही तसंच राहिलं. त्याच्या बायकोने आल्या दिवसापासून त्यांना बाबा म्हणायला सुरुवात केली, आणि तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की किल्लीवाल्याला प्रत्येक वेळी आपल्या घरात कुणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटायचं. मास्तर गणित शिकवायचे. मुलाला गणित आलं नाही. त्याने किल्ल्यांचं दुकान टाकलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "चला, आता निदान दारं तरी उघडतील तुझ्यासाठी." ऐकणारे सगळे हसले होते. तोही हसला होता, पण ते वाक्य त्याने पुढे तीस वर्षं सांभाळलं.

खोलीत मास्तरांचं पुस्तकांचं कपाट होतं, खिडकीखाली टेबल होतं आणि कोपऱ्यात हात धुवायचं छोटं बेसिन. ते बेसिन किल्लीवाल्यानेच बसवलं होतं. मास्तरांचे गुडघे धरले, पाण्यासाठी उठून स्वयंपाकघरापर्यंत जाणं होईना, तेव्हा एका रविवारी त्याने भिंत फोडून नळ आत आणला. प्लंबर लागला नाही. दुकानामागच्या भंगारातून हातभर जुना पाइप आणि दोन पितळी सांधे काढले, घासले, जोडले. मास्तर पलंगावर बसून विजेरी धरून होते. पाण्याची पहिली धार पडली तेव्हा ते म्हणाले, "जमलं की!"

दोन पेले पाणी प्यायची सवय लागून आठवडा झाला आणि चव आणखीच वाढली. आता ती दुपारपर्यंत टिकायची. चहा कळकलेला लागायचा, दूध कळकलेलं लागायचं. एकदा भाजीचा घास त्याने ताटातच परत टाकला तेव्हा बायको जागच्या जागी थबकली. "काय झालं? मीठ जास्त झालं का?" तिने इतक्या घाईने विचारलं की जणू उत्तर येण्याआधी तिला ताट उचलायचं होतं.

"मीठ नाही. तोंडात किल्ली ठेवल्यासारखं वाटतंय."

वाक्य संपलं आणि त्याच्या मानेवर काटा आला. ते वाक्य त्याचं नव्हतं.

ते मास्तरांचं होतं, शब्दाला शब्द. बेसिन बसवल्याला दोनेक महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. सकाळी दुकानाला निघण्याआधी तो मास्तरांच्या गोळ्या काढायचा, नळाखाली पेला भरायचा आणि टेबलावर ठेवायचा. त्या दिवशी मास्तरांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तोंडात किल्ली ठेवल्यासारखं वाटतं रे."

त्याला उशीर झाला होता. आदल्या दिवशी घड्याळवाल्याशी वाजलं होतं. तो ताडकन म्हणाला, "माझ्या धंद्याला नावं ठेवायची असतील तर सरळ ठेवा, मास्तर. तीस वर्षं ऐकतोय. याच किल्ल्यांवर घर चाललंय."

मास्तरांनी पेला खाली ठेवला होता. आपल्यावर नेमका कुठल्या बाकावरून दगड आला हे शोधणाऱ्या शिक्षकासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं. मग म्हणाले होते, "बरं." त्यानंतर ते चवीबद्दल कधी बोलले नाहीत. रोज सकाळी तो पेला पुढे करायचा आणि ते म्हणायचे, "ठेव तिथे, घेतो." त्याच्या हातून घेत नसत. पुढे ते जेवेनासे झाले, आणि एका दुपारी झोपेतच गेले. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. वय ब्याऐंशी.

आता तोच त्यांच्या पलंगावर झोपत होता, आणि तोंडात त्यांची चव घेऊन उठत होता. सकाळी नळ उघडला की पाइपातली हवा आधी बाहेर यायची. घसा खाकरल्यासारखा तो आवाज अगदी मास्तरांचा होता. वर्गात शिरण्याआधी ते दारात तसेच खाकरायचे, म्हणजे पोरांनी गप्प बसावं. किल्लीवाला पेला हातात धरून, तो आवाज थांबेपर्यंत गप्प उभा राहायचा. मग दोन पेले पाणी प्यायचा. आपल्याला देण्यासारखं मास्तरांजवळ काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी हे मागे ठेवलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. एवढ्यावर विश्वास ठेवणारा माणूस तो नव्हता. पण कापलेली किल्ली फुंकर मारून साफ करायची त्याची जन्माची सवय सुटली. तो ती आता फडक्याने पुसू लागला.

मग दुसऱ्या शहरात काम निघालं. एका नव्या इमारतीच्या सगळ्या दारांना कुलपं बसवायची होती. तो तिथे तीन दिवस राहिला. दिवसभर पितळ कापलं, कानस चालवली, फडकं बांधायचंही विसरला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्याच्या ध्यानात आलं की आपण दुसऱ्यांदा भात मागून घेतलाय. भाताला भाताची चव होती.

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी चव परत आली.

कुलूप उघडत नसेल तर तो कधी जोर लावायचा नाही. काय बदललं, एवढंच विचारायचा. त्याने टेबलावर दोन पेले ठेवले, एक नळाचा, एक स्वयंपाकघरातून आणलेला. आधी स्वयंपाकघरातला प्यायला, मग नळाचा घोट घेतला. तो घोट त्याने गिळला नाही. तसाच तोंडात धरून तो गुडघ्यांवर बसला, बेसिनखाली हात घातला आणि पान्याने सांधा सोडवला. हातभर पाइप त्याच्या मांडीवर आला. आत बोट घातलं तर हिरवट काळा थर नखाला लागला. सांध्याच्या कडेवर त्याचीच कानस फिरल्याच्या खुणा होत्या.

तो पाइप फडक्यात गुंडाळून तो पोटाच्या डॉक्टरांकडे गेला. मास्तरांनाही त्यांनीच शेवटपर्यंत पाहिलं होतं. त्यांनी फडकं उलगडलं, पाइप उलटसुलट करून पाहिला आणि पाणी तपासायला पाठवायला सांगितलं. किल्लीवाल्याने पाइप पुन्हा जोडला, रात्रभर भरलेला ठेवला आणि सकाळची पहिली धार बाटलीत धरून तपासणीला दिली.

अहवाल आला तो डॉक्टरांनी त्याच्यासमोरच वाचला. "तांबं हवं त्यापेक्षा बरंच जास्त. थोडं शिसंही आहे. पाणी रात्रभर अशा पाइपात उभं राहिलं की उतरतं ते. हा पाइप फेकून द्या. तोंडाची चव चार-सहा दिवसांत जाईल तुमची. कोड्यात टाकलं होतं तुम्ही आम्हाला."

ते हसले. किल्लीवाला उठला नाही.

"मास्तर हेच पाणी प्यायचे," तो म्हणाला. "गोळ्यांबरोबर. वर्षभर. मीच भरून द्यायचो."

डॉक्टरांनी अहवालाची घडी घातली. "त्यांचं हृदय थकलं होतं. तुम्हाला माहीत आहे ते."

"जेवेनासे झाले होते."

"हृदय थकलं की भूक जाते."

"आणि हे पाणी प्यायल्यावर?"

"तोंडाची चव बिघडते. मळमळतं." त्यांनी घडीवरून नख फिरवलं. "भूकही कमी होऊ शकते. पण एवढ्यानेच ते गेले असं मी म्हणणार नाही."

"तसं नाही, असं म्हणाल?"

डॉक्टरांनी घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला, आणि पाहण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं तरी पाहत राहिले.

त्याने पाइप काढून टाकला. भिंतीतल्या तोंडाला बूच मारलं, बेसिन कोरडं पडलं. सकाळी तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊ लागला. चार दिवस गेले, सहा गेले. चव गेली नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. "कधी कधी जिभेला आठवण राहते," त्या म्हणाल्या आणि त्याचा चेहरा पाहून त्यांनी खुर्चीवरचा दिवा विझवला.

आठव्या दिवशी सकाळी तो पलंगावर उठून बसला आणि त्याला कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. पाइपात हवा नव्हती. पाइपच नव्हता. तो बराच वेळ बूच मारलेल्या तोंडाकडे पाहत बसला. डोळ्यांसमोर पेला पुढे करणारा आपला हात येत होता. मनगटावर घड्याळ, एक डोळा त्या घड्याळावर. अशा किती सकाळी गेल्या असतील? "ठेव तिथे, घेतो." म्हातारा आपल्याशी अबोला धरून बसलाय, असं समजून तो रोज जिना उतरायचा, आणि रोज अर्ध्या जिन्यात त्याला बरंही वाटायचं, की आज पुन्हा आपलीच बाजू खरी ठरली.

त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. घड्याळवाल्याचा फोन आला तो घेतला नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी तो बसून राहिला. दुपारी बायको कामावरून आली, तेव्हा त्याला घरात पाहून दारातच थांबली. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवी अलगद, आवाज न करता खाली ठेवली. ती पिशवी नेहमी अशीच ठेवते, हे त्याच्या आज लक्षात आलं.

"बरं नाही का?"

"बस."

ती बसली नाही. गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

त्याने सगळं सांगितलं. पाइप, हिरवा थर, अहवाल, डॉक्टर काय म्हणाले आणि काय म्हणाले नाहीत. 'किल्ली ठेवल्यासारखं'पाशी आला तेव्हा त्याचा आवाज फाटला. "ते पाणी मी पाजलं त्यांना. ते सांगत होते आणि मी तोंड सोडलं त्यांच्यावर. वर्षभर मी स्वतःच्या हाताने..."

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"बाबा ते पाणी पीतच नव्हते."

त्याला ऐकू आलं ते नीट पोचायला वेळ लागला.

"पहिले दोन महिने प्यायले असतील," ती म्हणाली. ओढणीच्या टोकाने तिने कोरडे हात पुसले. "मग एक दिवस मला म्हणाले, मला स्वयंपाकघरातलं पाणी देत जा. मी रोज झोपायच्या आधी बाटली भरून कपाटात ठेवायची. पुस्तकांच्या मागे. तुम्ही भरलेला पेला ते तुम्ही गेल्यावर बेसिनमध्ये ओतायचे. शेवटच्या दिवसापर्यंत तसंच चाललं. त्या पाण्याने काही झालं नाही त्यांना. तुम्ही डोक्यातून काढून टाका ते."

त्याच्या खांद्यांवरून काहीतरी सरकलं, इतकं जड की तो टेबलावर पुढे झुकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. ती तिथूनच पाहत राहिली. जवळ आली नाही.

मग त्याने मान वर केली.

"पुस्तकांच्या मागे का?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"टेबलावर का नाही ठेवलीस? मला का नाही सांगितलंस? मी एका दिवसात पाइप बदलला असता. आणि मी त्या खोलीत झोपायला गेलो, तेव्हा तरी?"

"तुम्ही तिथलं पाणी पिता हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं पित्त आहे. तुम्ही तसंच म्हणालात."

"मी माझं नाही विचारत. मास्तरांचं विचारतोय. मला सांगितलं का नाही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती फक्त अंदाज घेत होती. वर्षानुवर्षं ती असाच अंदाज घेत आली असणार, बोलण्याच्या आधी, पिशवी ठेवण्याच्या आधी, ताट वाढण्याच्या आधी.

"मी म्हटलं होतं बाबांना, की मी सांगते यांना," ती म्हणाली. "ते म्हणाले, नको, मी एकदा सांगून पाहिलं."

गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

त्याने हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. मास्तरांसमोर छडी खायला पुढे करायचा, तसे. आवाज जितका खाली आणता येईल तितका त्याने आणला, आणि तरी तो त्याला मोठाच वाटला.

"आणखी काय काय आहे," त्याने विचारलं, "जे तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही?"

बायकोने आधी वळून गॅस बंद केला. मग खुर्ची ओढली आणि ती त्याच्यासमोर बसली.